टबातला मोरमासा

पाच मिनिटं कालव्यावर जाऊन यायचं, जास्त नाही, असं एव्हेलिओनं त्या रविवारी सकाळी सव्वानऊला ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तर ठरवलं तेव्हा तो मागच्या कुंपणाच्या फाटकापर्यंत पोचलाच होता आणि गळाची काठी त्याच्या हातात होती.

वास्तविक त्या वेळी त्याच्या हातात खुर्च्या असायला हव्या होत्या. सासूबाईंचा, म्हणजे दोन्या ओब्दुलियांचा, आज ऐंशीवा वाढदिवस होता. दुपारी एकला चौदा माणसं जेवायला बसायची होती. बायको नेरेइदा आईला आणायला हायलीयाला गेली होती आणि येताना केक घेऊन येणार होती. जाताना गाडीची काच खाली करून तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "खुर्च्या मांड. बर्फ आण. अंगणातल्या पेटीत डुक्कर भाजतंय, त्याच्या निखाऱ्यांवर लक्ष ठेव. आणि कालव्याकडे बघूसुद्धा नकोस."

"बघायला काय हरकत आहे?"

"तू नुसतं बघत नाहीस, एव्हेलिओ. आधी तुझे डोळे जातात, मग पाय जातात, आणि मग तू जेवायच्या वेळेला चिखलात माखून परत येतोस."

एव्हेलिओ बावन्न वर्षांचा होता. वाहन परवान्याच्या कचेरीत सात नंबरच्या खिडकीमागे बसायचा. (बसायचा, हे आपलं कचेरीचं म्हणणं.) त्याचा उजवा गुडघा टेबलाखाली दिवसभर असा नाचायचा, की खिडकीपलीकडच्या माणसाला सही करताना एका हातानं टेबल दाबून धरावं लागे. घरीही तीच तऱ्हा. टीव्ही लागला की हा उठून पंखा पुसायला घेई. जानेवारीत अशाच एका रविवारी बसवेना, म्हणून त्यानं मागच्या बाथरूमच्या फरश्या उखडल्या होत्या. "दोन आठवड्यांत नव्या घालतो," म्हणाला होता. आता मे उजाडला होता. त्या बाथरूममध्ये सिमेंटची पोती रचलेली होती आणि तिथला कमोड गॅरेजमध्ये गाडीच्या शेजारी उभा होता. घरात वापरायला एकच बाथरूम उरलं होतं. (ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. एव्हेलिओनं ठेवली नाही.)

अख्ख्या मायामीत त्याचा गुडघा शांत व्हायचा तो फक्त कालव्याच्या काठावर. घराच्या मागेच होता कालवा. दोन्ही बाजूंना लोकांची अंगणं, मध्ये हिरवं पाणी, थोड्या अंतरावर मोटारींचा पूल, काठावर उन्हं खात पडलेल्या घोरपडीसारख्या इग्वाना. आणि त्या पाण्यात मोरमासा. पीकॉक बास. सोनेरी हिरवं अंग, त्यावर तीन काळे पट्टे, लालभडक डोळे, आणि शेपटीवर मोराच्या पिसाऱ्यातला असतो तसा काळा डोळा, त्याला पिवळी कड. हा मासाही एका जागी ठरत नाही. मनात आलं की झडप घालतो, मनात आलं की तोंड फिरवून जातो. एव्हेलिओला वाटायचं, ह्या जगात आपला स्वभाव कुणाला कळला असेल तर ह्यालाच.

पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. कारण मेव्हणा.

नेरेइदाचा धाकटा भाऊ रिगोबेर्तो, घरातला रिगो, हा मासेमारीतला बडा माणूस. स्वतःची बोट, कपाटभर चषक. फेब्रुवारीत एव्हेलिओला पहिला मोरमासा लागला. एवढासाच होता, पण त्यानं फोटो काढला, मासा सोडून दिला आणि पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर फोन पुढे केला. रिगोनं चष्मा लावून फोटो पाहिला.

"मासा झकास आहे, दाजी. हात कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? माझा!"

"एवढे केस तुमच्या हाताला?" रिगोनं फोन टेबलभर फिरवला. "इंटरनेटवरचे फोटो काय, मीही दाखवीन. मला जिवंत दाखवा. शेपूट हलवताना दाखवा. मग टोपी काढून सलाम करीन."

टेबल हसलं. सासूबाई तर अशा हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. वर त्या म्हणाल्या, "आणि त्या गटारात मासे असले तरी कोण मेला बघतोय? मी त्यात गादी वाहून जाताना बघितलीये. डबल बेडची! त्या पाण्यातलं काही ह्या घरात शिजलं, तर मी ह्या घराची पायरी चढणार नाही. सांगून ठेवते."

तेव्हापासून तीन महिने एव्हेलिओला झोपेतसुद्धा "हात कुणाचा?" ऐकू यायचं.

तर, पाच मिनिटं. पुलाजवळ जिथे सिमेंटचा मोठा पाइप कालव्यात उतरतो, तिथे तळाशी त्याला दोन मोरमासे दिसले. नर आणि मादी, आपल्या घरट्यावर गस्त घालत होते. नर केवढा! कपाळावर टेंगूळ असलेला, रुबाबदार, एखाद्या हवालदारासारखा इकडून तिकडे फिरणारा. एव्हेलिओनं चंदेरी नकली मासा टाकला. नरानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा टाकला, त्यानं नुसतं नाकानं ढकलून दिला. तिसऱ्यांदा टाकला, आणि पाणी फुटलं.

पुढचं सगळं फार घाईचं झालं. रीळ किंचाळलं, काठी कमानीसारखी वाकली, झाडावरची इग्वाना घाबरून धप्पदिशी पाण्यात पडली. मासा आधी डावीकडे पाइपच्या तोंडाशी घुसला, तिथून एव्हेलिओनं त्याला जेमतेम वळवला, मग त्यानं दोनदा हवेत उडी घेतली आणि दोन्ही वेळा त्या लाल डोळ्यानं एव्हेलिओकडे असं पाहिलं, की एव्हेलिओ "माफ कर" म्हणाला. (मोठ्यानं. पलीकडच्या काठावर कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी ऐकलं.) शेवटी वाढदिवसासाठी घातलेल्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि खालच्या जबड्यात अंगठा घालून त्यानं मासा उचलला. काट्यावर साडेपाच पौंड.

रोजच्यासारखं एव्हेलिओनं त्याला सोडूनच दिलं असतं. खरंच सोडलं असतं. वाकलाही होता. पण तेवढ्यात माशानं शेपूट हलवली.

"शेपूट हलवताना दाखवा."

रिगो बाराला यायचा होता. आता दहाला वीस मिनिटं कमी होती. दोन तास वीस मिनिटं मासा जिवंत ठेवायचा, रिगोला दाखवायचा, त्याची टोपी निघालेली बघायची आणि मासा गुपचूप परत त्याच्या घरट्यावर सोडून यायचा. ह्यात अवघड काय आहे?

नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं मासा मरतो, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून टब भरायचा तो कालव्याच्याच पाण्यानं. बावीस बादल्या लागल्या. फाटक, अंगण, स्वयंपाकघर, बोळ, बाथरूम, आणि परत. दर बादलीमागे अर्धी बादली फरशीवर. पाण्याबरोबर शेवाळ आलं, दोन गोगलगायी आल्या. पण शेवटी मासा टबात शांतपणे कल्ले हलवत तरंगायला लागला, तेव्हा एव्हेलिओ कमोडच्या झाकणावर बसून पाहत राहिला, आणि तीन मिनिटं त्याचा गुडघा अजिबात हलला नाही. ह्या गडबडीत खुर्च्या राहिल्या, बर्फ राहिला आणि निखारे विझले, हे त्याला नेरेइदाची गाडी दारात वाजली तेव्हा आठवलं.

तिनं आईला ॲव्होकॅडोच्या झाडाखाली सावलीत बसवलं, केक फ्रिजमध्ये ठेवला, ओल्या फरशीकडे पाहिलं, नवऱ्याच्या पँटकडे पाहिलं, आणि लिपस्टिक ठीक करायला बाथरूममध्ये गेली. एव्हेलिओ दाराबाहेर डोळे मिटून उभा राहिला. आतून किंकाळी आली नाही. दार इंचभर उघडलं.

"एव्हेलिओ."

"हो."

"टबात कोण आहे?"

"रिगोला दाखवायचाय. फक्त दाखवायचाय, नेरेइदा. बाराला रिगो येतो, बारा वाजून एक मिनिटानं मासा कालव्यात."

"घरात चौदा माणसं येतायत. त्यातली सहा सत्तरीच्या वरची आहेत. त्यांनी जायचं कुठे?"

ह्याचा विचार एव्हेलिओनं केला नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण नेरेइदानं कपाळ दाराच्या चौकटीला टेकवलं.

"पाय धरून सांगते, आईला कळू देऊ नकोस. कालव्याचं पाणी घरात, तेसुद्धा अंघोळीच्या टबात! ती आत्ताच्या आत्ता टॅक्सी मागवेल. ऐंशीव्या वाढदिवसाला, एव्हेलिओ. मला जन्मभर ऐकावं लागेल."

"बारापर्यंत," एव्हेलिओ म्हणाला.

बारा वाजता पाहुणे आले. रिगो सोडून सगळे.

एव्हेलिओनं फोन लावला. "अरे कुठे आहेस?"

"होमस्टेडला. बोट वर काढायला ही रांग लागलीये, दाजी. पाच मिनिटांत निघतो."

साडेबाराला पुन्हा लावला. "निघालास?"

"पाच मिनिटं. पण दाजी, आज माझी एवढी का आठवण येतेय तुम्हाला? गेल्या वर्षी माझ्या लग्नालासुद्धा तुम्ही उशिरा आला होतात."

एव्हेलिओनं खुर्ची घेतली आणि बोळात, बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसला. बसला म्हणजे उठला, बसला, दार किलकिलं करून आत डोकावला, परत बसला. पाहुणे एकेक करून बाथरूमकडे यायला लागले. त्याला सुचलं तेवढं त्यानं सांगितलं: "बाथरूम बंद आहे. नळ गळतोय. चला, शेजारी सोय केलीये."

शेजारी म्हणजे मादाम सोलांज. हैतीची विधवा बाई, इस्पितळात परिचारिका. रात्रपाळी करून आली होती आणि तिला बिचारीला झोपायचं होतं. पहिल्यांदा एव्हेलिओ नेरेइदाच्या दोन आत्यांना घेऊन गेला, तेव्हा तिनं हसून दार उघडलं. दुसऱ्यांदा तिनं गाऊनचा पट्टा आवळत उघडलं. चौथ्यांदा तिनं दार उघडंच ठेवलं आणि विचारलं, "एव्हेलिओ, ही मंडळी जेवायला तुझ्याकडे आलीयेत की माझ्याकडे?"

सगळे गेले, पण बाल्दोमेरोमामा जाईनात. हे सासूबाईंचे धाकटे भाऊ, वय शहात्तर. रक्तदाबासाठी त्यांना पाणी काढायची गोळी चालू होती, आणि आल्यापासून त्यांनी तीन बियर घेतल्या होत्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ते एव्हेलिओसमोर उभे राहिले.

"नळ गळतोय म्हणालास?"

"हो मामा. चला, शेजारी..."

"शेजारी कशाला? चाळीस वर्षं मी काय करत होतो?"

चाळीस वर्षं मामा प्लंबर होते. गळक्या नळाची थाप मारायला त्याला नेमकं हेच घर सापडलं होतं.

"भाचीच्या घरचा नळ गळतोय आणि मी परक्या बाईच्या दारात जाऊ? लोक थुंकतील माझ्या तोंडावर. पाना आण."

"पाना सापडत नाहीये, मामा."

"माझ्या गाडीत आहे. मागच्या डिकीत. ही घे किल्ली. आणि जरा पळत जा, मला फार वेळ उभं राहवत नाही."

त्याच वेळी आत मासा फिरला आणि शेपटीचा फटका टबाला बसला. धप्प!

"नळ गळतोय की फुटलाय?" मामा दचकले.

"हवा आहे पाइपात," एव्हेलिओ म्हणाला आणि पळाला. नेरेइदाला जाता जाता म्हणाला, "दारावर लक्ष ठेव." ती तेव्हा विझलेल्या निखाऱ्यांवर फुंकर घालत होती आणि तिच्या डोळ्यांत धूर गेला होता. ऐकलं की नाही कोण जाणे.

डिकीत पाना होता. चांगला हातभर लांब, लाल रंगाचा. एव्हेलिओनं इकडेतिकडे पाहिलं आणि तो मादाम सोलांजच्या जास्वंदीच्या झुडपात हळूच सोडून दिला. मग जरा दम खाल्ला, रिगोला आणखी एकदा फोन लावला ("दाजी, आता निघालोच, गाडीत आहे." मागे बदकं ओरडत होती.) आणि चेहरा पाडून परत आला.

"मामा, गाडीत पाना नाही हो."

मामा बोळात नव्हते. ते अंगणाकडच्या दारात पाय आवळून उभे होते.

"आता पाना काय करायचाय? ओब्दुलिया गेलीये आत."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत! मी म्हटलं नळ फुटलाय, तर म्हणाली, मी काय नळ प्यायला चाललेय?"

एव्हेलिओ बोळात धावला. दार आतून बंद. त्यानं कान लावला. काहीच नाही. किंकाळी नाही, शिव्या नाहीत, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. नेरेइदा आली, नवऱ्याचं तोंड पाहून तिला काय ते कळलं आणि तिनं त्याचा दंड असा धरला की तिची नखं रुतली. तिच्यामागे आत्या आल्या, मामा आले, बोळ माणसांनी भरला.

"चक्कर आली असेल का गं आईला?" एव्हेलिओ कुजबुजला.

"तू बोलू नकोस. तू आता काहीच बोलू नकोस."

दार उघडलं.

दोन्या ओब्दुलिया दारात उभ्या होत्या. वाढदिवसाच्या निळ्या पोशाखाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. दोन्ही हातांत, पाहुण्यांसाठी काढलेल्या भरतकामाच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला मोरमासा. बाहेर फक्त शेपूट दिसत होती, आणि ती अजून हलत होती. म्हातारीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा असाच ठेवायचे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. "तिकडे गावी, कायबारिएनला. माझ्या वाढदिवसाला समुद्रावरून मासा आणायचे आणि कपडे धुवायच्या टबात जिवंत ठेवायचे. मी उठले की आधी जाऊन त्याला बोट लावायची. घर सोडून आले त्याला साठ वर्षं झाली. साठ वर्षांत मला कुणी जिवंत मासा दिला नाही." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "रिगोच ना? रिगोचंच काम. पहाटे ठेवून गेला असेल, मला चकित करायला. माझं बाळ ते!"

एव्हेलिओनं तोंड उघडलं.

आत्तापर्यंत एकदाही सासूबाई त्याच्यामुळे रडल्या नव्हत्या. म्हणजे, आनंदानं रडल्या नव्हत्या. एक वाक्य बोलायचं होतं. "मी धरला" एवढंच. सव्वीस वर्षं ज्या बाईनं त्याला "नेरेइदाचा नवरा" म्हणूनच हाक मारली होती, तिनं आज त्याचा गालगुच्चा घेतला असता.

"आणि रंग बघा," सासूबाई टॉवेल जरा बाजूला करून सगळ्यांना दाखवत होत्या. "हा समुद्रातलाच. असला मासा काय त्या गटारात होतो?"

नेरेइदानं नवऱ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, विनवत होती. ते फार वाईट.

एव्हेलिओनं तोंड मिटलं. मग उघडलं आणि म्हणाला, "रिगोला सगळं बरोबर सुचतं."

गर्दीतून वाट काढत मामा आधी आत घुसले आणि दार लावलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, पण कपाळावर आठ्या होत्या. त्यांनी एव्हेलिओला बाजूला घेतलं.

"टबातलं पाणी बघितलंस? हिरवंगार! शेवाळ आहे, गोगलगायी आहेत. हे तुझ्या नळातून आलं?"

एव्हेलिओ काय म्हणणार? म्हणाला, "हो."

"पाइप पार सडलेत रे. चाळीस वर्षांत असलं पाणी पाहिलं नाही. तुम्ही हे पिता? भिंती फोडून सगळी लाइन बदलावी लागेल. घाबरू नकोस, मी आहे. मंगळवारी येतो."

अंगणात सासूबाईंनी सुरी मागवली. कुणाला हात लावू दिला नाही. तीन मिनिटांत त्यांनी मासा मारला, खवलला, साफ केला आणि तुकडे पाडले. शेपूट आणि डोकं मांजरासाठी कुंपणापलीकडे भिरकावलं. एव्हेलिओ ते बघत राहिला नाही. तो फाटकातून कालव्यावर गेला. पाइपजवळ मादी एकटीच घरट्यावर फिरत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे, पूर्वीपेक्षा जास्त घाईनं. आता दोघांची गस्त तिला एकटीला घालायची होती. एव्हेलिओ थोडा वेळ उभा राहिला. त्याला "माफ कर" म्हणायचं होतं, पण पलीकडे त्या कुत्र्याच्या बाई परत आल्या होत्या, म्हणून मनातच म्हणाला.

रिगो पावणेतीनला आला. गाडीमागे बोट, हातात दोन काठ्या, अंगाला चाऱ्याचा वास आणि बरोबर एकही मासा नाही. तो अंगणात पाऊल टाकतो न टाकतो तोच आईनं त्याला कवेत घेतलं आणि त्याच्या दोन्ही गालांचे, कपाळाचे, हातांचे मुके घेतले.

"बाळा! मासा! तुला बाबांची गोष्ट आठवली!"

रिगोनं टेबलाकडे पाहिलं. लसूण आणि लिंबू लावून तळलेले तुकडे ताटात मांडलेले होते. त्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं एव्हेलिओकडे पाहिलं. एव्हेलिओनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पण रिगो हुशार माणूस. चषक काय उगीच मिळत नाहीत.

"आवडला ना, आई?" तो म्हणाला.

"कुठे धरलास रे?"

"कीजच्या बेटांपाशी." रिगो खुर्ची ओढून बसला आणि त्यानं मोठा तुकडा ताटात घेतला. "पहाटे. अजून झुंजूमुंजू होतं. तिसऱ्यांदा गळ टाकला आणि पाणी असं फुटलं, असं फुटलं, मामा! चाळीस मिनिटं झुंज. आधी उजवीकडे गेला..."

"डावीकडे," एव्हेलिओ म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"म्हणजे, मासे सहसा डावीकडे जातात," एव्हेलिओ म्हणाला आणि पाणी प्यायला.

"दाजींनी वाचलंय वाटतं इंटरनेटवर," रिगो म्हणाला. टेबल हसलं. सासूबाईंना पाणी द्यावं लागलं.

मासा फार चविष्ट झाला होता. एव्हेलिओला काट्यापाशीचा एक तुकडा मिळाला. डुक्कर एका बाजूनं कच्चं राहिलं, आणि सगळ्यांनी एकदा एव्हेलिओकडे पाहिलं.

जेवणं झाल्यावर लहान कपांतून कॉफी फिरली आणि टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्यांचा डाव लागला. रिगोनं एव्हेलिओच्या खांद्यावर हात टाकून त्याला झाडामागे नेलं. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"दाजी, आज तुम्ही माझी लाज राखलीत. मी तर साफ विसरलो होतो, काहीच आणलं नव्हतं. आणि तुम्ही नाव माझं सांगितलंत! असं कोण करतं हो?"

एव्हेलिओला बरं वाटलं. चला, एका माणसाला तरी कळलं. आणि नेमकं ज्याला कळायला हवं होतं त्यालाच.

"अरे, त्यात काय," तो म्हणाला.

"नाही, खरंच. आता सांगा, विकत कुठून घेतलात?"

"विकत?"

"ताजा होता हो. चवीवरून मोरमासाच वाटला मला. कुठलं दुकान?"

"रिगो," एव्हेलिओ शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "तो मी धरला. मागच्या कालव्यात. पुलाजवळच्या पाइपपाशी. आज सकाळी. ह्या हातानं."

रिगोनं त्याच्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून, मग झाडाला टेकून. डोळ्यांत आधीच होतं ते पाणी आता गालावर आलं.

"राहू द्या, दाजी, माझ्यापुढे नको! मी कुणाला सांगणार आहे का? पुढच्या महिन्यात नेरेइदाच्या सासऱ्यांचा, म्हणजे तुमच्या बाबांचा वाढदिवस आहे, तेव्हा मीच आणीन, तुमचं नाव सांगीन. फिटंफाट. दुकानाचा पत्ता तेवढा द्या."

एव्हेलिओनं सकाळपासून पहिल्यांदाच राग धरला. त्यानं खिशातला कागद काढला आणि कचेरीच्या वाटेवर एक टायरचं दुकान होतं, त्याचा पत्ता ठळक अक्षरांत लिहून दिला. जाऊ दे तिकडे, म्हणाला मनात, उन्हात, रविवारच्या गर्दीत. जाऊन विचारू दे मोरमासा.

मंगळवारी बाल्दोमेरोमामा आले. पाना त्यांना मिळाला नव्हता, म्हणून जास्त मोठा हातोडा घेऊन आले होते. संध्याकाळपर्यंत उरलेल्या बाथरूमच्या भिंती फुटल्या. पाइप लख्ख निघाले. "आता फोडल्याच आहेत तर बदलूनच टाकू," मामा म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी एव्हेलिओ खांद्यावर टॉवेल टाकून आणि साबणाची डबी घेऊन मादाम सोलांजच्या ओट्यावर उभा होता, तेव्हा फोन वाजला. रिगो.

"दाजी! मानलं तुम्हाला! त्या पत्त्यावर गेलो. मासेवाल्यानं दुकान सोडलेलं दिसतंय, आता तिथे टायरवाला बसलाय. पण माणूस देव आहे हो! माझ्या गाडीचे चारी टायर गुळगुळीत झालेत हे मलाच ठाऊक नव्हतं. त्यानं एका नजरेत ओळखलं. म्हणाला, परवा हायवेवर फुटले असते. जीव वाचवलात माझा! असल्या जागा बरोबर माहीत असतात तुम्हाला."

एव्हेलिओनं साबणाची डबी दुसऱ्या हातात घेतली.

"आता मासा खरा कुठे मिळतो तेवढं सांगून टाका."

"कालव्यात," एव्हेलिओ म्हणाला.

फोनमधून इतक्या जोरात हसू आलं की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. आतून मादाम सोलांजनं विचारलं, "कोण आहे बाहेर?"

"कोणी नाही," एव्हेलिओ म्हणाला. "मीच. अंघोळीला आलोय."